शोभिवंत माशांच्या टाक्यांची नळजोडणी : ताठ पाइप की लवचीक नळी?

शेतीस पूरक म्हणून जे व्यवसाय आज खेड्यापाड्यांतून पाहावयास मिळतात, त्यांत शोभिवंत माशांचे संगोपन हा एक होय. एके काळी रंगीत मासे ही मुंबईस गेल्यावर पाहावयाची वस्तू होती. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयातील काचांपुढे उभे राहून गावाकडील कित्येक माणसांनी हे मासे आयुष्यात प्रथम पाहिले. आज तेच गप्पी, मोली, गोल्डफिश व कोई जातीचे मासे परसातील सिमेंटच्या हौदांत आणि पडवीतील काचेच्या टाक्यांत वाढविले जात आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील अशा लहान केंद्रांस स्थान देण्यात आले आणि अनेक तरुण व महिला बचत गट ह्या व्यवसायाकडे वळले.

ह्या व्यवसायाविषयी मार्गदर्शन करताना मत्स्यबीज, खाद्य, रोग आणि विक्री ह्यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. परंतु टाकीतील पाणी गाळणीपर्यंत नेणारी आणि स्वच्छ करून परत आणणारी जी नळजोडणी, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. घरात पडून असलेली बागेची नळी, विहिरीच्या कामातून उरलेले पाइपचे तुकडे आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी एवढ्यावर काम भागविले जाते. ते भागतेही; पण ज्या दिवशी भागत नाही, त्या दिवशी संपूर्ण हंगामाचे श्रम वाया जातात.

एका रात्रीचे नुकसान

कोकणातील एका शेतकरी बंधूंनी परसात दोन सिमेंटचे हौद बांधून गोल्डफिशची पिल्ले वाढविली होती. हौदाच्या तळाशी प्लॅस्टिकचे निपल बसविले होते. त्यावर बागेची हिरवी नळी चढवून ती गाळणीच्या पिंपापर्यंत नेली होती. नळी निपलवर घट्ट बसत असल्याने क्लिप लावलेली नव्हती. प्रस्तुत लेखकाने ही जोडणी स्वतः पाहिली होती आणि ‘तूर्त चालेल’ असे सांगितले होते. तो मार्च महिना होता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ऊन तापले. दिवसभर उन्हात राहून नळी मऊ पडली, पाण्याच्या भाराने थोडी थोडी घसरत गेली आणि एका रात्री निपलवरून निसटली. निपल तळाशी असल्यामुळे आणि त्याच्या अलीकडे व्हॉल्व्ह नसल्यामुळे हौदातील सर्व पाणी अंगणात वाहून गेले. सकाळी हौदाच्या तळाशी चिखलात पिल्ले मरून पडलेली होती. त्या घरातील मंडळींनी लेखकास एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु ‘तूर्त चालेल’ हा सल्ला चुकीचा होता, हे येथे नमूद करणे कर्तव्य आहे. तो का चुकीचा होता, हे शोधताना जे ध्यानी आले, ते व्यवसाय करणाऱ्या सर्वांच्या उपयोगी पडावे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

एकच द्रव्य, दोन रूपे

बाजारात मिळणारा करडा किंवा पांढरा ताठ पाइप आणि गुंडाळी करून मिळणारी मऊ नळी ही दोन्ही बहुधा पीव्हीसी ह्या एकाच प्लॅस्टिकची असतात. पीव्हीसी मुळात कठीण व ठिसूळ असते. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन ह्या रसायनतज्ज्ञांनी त्यात विशिष्ट तेलकट द्रव्ये मिसळून ते रबरासारखे लवचीक करण्याची रीत शोधून काढली. पुढे १९३०–४० च्या दशकात जर्मनीत ही द्रव्ये न घालता केलेले ताठ पाइप पाण्यासाठी वापरात आले. तेव्हापासून ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत आहेत.

ह्या एका फरकातून पुढचे सर्व फरक निघतात. ताठ पाइपमध्ये मऊ करणारे द्रव्य नसते. म्हणून तो आपला आकार सोडत नाही, त्याचा सांधा सोल्युशनने एकजीव होतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. लवचीक नळीत हे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. म्हणून ती वळते, पंपाची थरथर सोसते आणि अडचणीच्या जागेतून जाते. पण हेच द्रव्य उष्णतेने नळीस अधिक मऊ करते आणि कालांतराने हळूहळू बाहेर पडते. तेव्हा नळी कडक होऊन तडकते. तेव्हा ह्यांपैकी एक प्रकार चांगला व दुसरा वाईट असे म्हणता येत नाही. कोणत्या जागी कोणता हवा एवढाच प्रश्न आहे.

पाण्याच्या वाटेचे तीन भाग

गाळणीची व्यवस्था कशीही असली तरी पाण्याच्या वाटेचे तीन भाग पडतात. टाकीतून गाळणीकडे पाणी आपल्या भाराने उतरते तो पहिला भाग. पंप पाणी ओढून घेतो तो दुसरा. आणि पंपापासून पुन्हा टाकीपर्यंत पाणी चढते तो तिसरा. तिन्ही भागांची गरज वेगवेगळी असते.

उतरत्या वाटेत दाब जवळजवळ नसतो, पण पाण्याबरोबर विष्ठा, उरलेले खाद्य आणि हवा वाहत असते. येथे पाइप सरळ आणि सतत उतरता असावा लागतो. लवचीक नळी दोन टेकूंच्या मध्ये पोटाकडे लोंबते. त्या खोलगट भागात गाळ बसतो, तर उंचवट्यात हवा अडकते. मग पाणी कधी थांबते, कधी एकदम घळघळा उतरते आणि टाकीतील पातळी वरखाली होते. आतून कंगोरे असलेल्या नळीत तर प्रत्येक कंगोऱ्यात मळ साचतो. ह्याकरिता उतरती वाट ताठ पाइपचीच असावी. तिचा व्यास पाणी आणणाऱ्या पाइपपेक्षा एक किंवा दोन मापांनी मोठा ठेवावा आणि शक्य तर तिच्या जोडीला जरा वरच्या पातळीवर संकटकाळचा दुसरा मोकळा मार्ग ठेवावा. पहिल्यात पान किंवा मेलेला मासा अडकला तर दुसरा टाकी ओसंडू देत नाही.

पंपाच्या ओढीच्या बाजूस नळीच्या आत दाब कमी होतो. पातळ भिंतीची मऊ नळी तेथे चपटी होऊन मिटते, पाणी कमी मिळते आणि पंप तापतो. पाण्यात बुडवून ठेवण्याच्या पंपास ही बाजूच नसते. परंतु बाहेर ठेवण्याच्या पंपास ओढीची बाजू आखूड, रुंद व ताठ असावी. लवचीक नळी वापरणे भागच असेल तर भिंतीत कठीण वेटोळे असलेली सक्शन नळीच घ्यावी. ओढीच्या सांध्यात सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी तेथून पाणी गळताना दिसत नाही. उलट हवा आत ओढली जाते आणि टाकीत बारीक बुडबुडे येऊ लागतात. असे बुडबुडे दिसू लागताच ओढीच्या बाजूचे सांधे प्रथम तपासावेत.

चढत्या वाटेत मात्र लवचीक नळीस मानाचे स्थान आहे. पंप चालू असताना सतत थरथरतो. त्याला थेट ताठ पाइप जोडला तर ती थरथर पाइपमधून काचेच्या टाकीपर्यंत पोहोचते. आवाज होतो आणि वारंवार धक्के बसून सांधे सैल पडतात. पंपाच्या तोंडाशी हात-दीड हात लवचीक नळी घालून पुढे ताठ पाइप घेतला म्हणजे थरथर तेथेच जिरते. शिवाय सफाईसाठी पंप काढणे-बसविणे सोपे जाते.

पाण्याचा अडथळा : वळणे की व्यास?

लवचीक नळीची बाजू घेणारे असे सांगतात की, एल्बोच्या काटकोनात पाणी अडखळते, नळीच्या लांबट वळणात ते सहज वाहते. हे खरे आहे. एक काटकोनी एल्बो सुमारे तीस व्यासांच्या सरळ पाइपइतका अडथळा करतो असे साधारणपणे धरतात. परंतु हा लाभ किती मोठा, ते हिशेब करून पाहिले पाहिजे.

समजा, ताशी २,००० लिटर पाणी १.२ मीटर उंच चढवावयाचे आहे. वाटेत ३ मीटर पाइप आणि तीन एल्बो आहेत. आतील व्यास २१ मिलिमीटर असेल तर सरळ पाइपच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे १४ सेंटिमीटर उंचीइतका जोर घर्षणात जातो. एल्बो धरून एकूण तोटा सुमारे ६७ सेंटिमीटर होतो. म्हणजे पंपास १.२ मीटरऐवजी जवळजवळ १.९ मीटरचे काम करावे लागते. हाच व्यास २८ मिलिमीटर केला तर मीटरमागे तोटा साडेतीन सेंटिमीटरांच्या आत येतो आणि तिन्ही एल्बो तसेच ठेवूनही एकूण तोटा १९ सेंटिमीटर होतो. आता एल्बो काढून २८ मिलिमीटरचीच लवचीक नळी लांब वळणाने नेली तर तोटा सुमारे ११ सेंटिमीटरांवर येईल.

म्हणजे व्यास एका मापाने वाढविल्याने ४८ सेंटिमीटर वाचले. एल्बो टाळल्याने वाचले ते ८ सेंटिमीटर. ह्यावरून मुख्य गोष्ट स्पष्ट होते. पाइप ताठ की लवचीक ह्यापेक्षा त्याचा आतील व्यास किती, हे अधिक महत्त्वाचे आहे. व्यास निम्मा केला आणि पाणी तेवढेच ठेवले तर घर्षण सुमारे तीसपट वाढते, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. नळी ज्या निपलवर चढवावयाची, त्या निपलचे भोक नळीच्या व्यासापेक्षा लहान असते. नळी मोठी दिसते, पण पाणी निपलच्या भोकातूनच जाते. तेव्हा नळी घेताना निपलमधून पाहावे आणि एक माप मोठे घ्यावे.

मापांची गफलत

दुकानात सर्वांत अधिक घोटाळा मापांचा होतो. शेतीच्या पाणीपुरवठ्याचे ताठ पाइप २०, २५, ३२, ४०, ५०, ६३ अशा मिलिमीटरच्या मापाने विकले जातात आणि ते माप बाहेरील व्यासाचे असते. घरातील नळकामाचे पांढरे पाइप अर्धा, पाऊण, एक इंच अशा मापाने मिळतात. त्यांपैकी पाऊण इंची पाइपचा बाहेरील व्यास सुमारे २६.७ मिलिमीटर भरतो. गरम पाण्यासाठी असलेल्या सीपीव्हीसीच्या पाऊण इंची पाइपचा बाहेरील व्यास आणखी निराळा, सुमारे २२.२ मिलिमीटर असतो. लवचीक नळीचे माप मात्र आतील व्यासाने सांगतात.

ह्याचा परिणाम असा की, २५ मिलिमीटरचा शेतीचा पाइप पाऊण इंची एल्बोत ढिला बसतो. ती ढिलाई सोल्युशनने भरून निघेल अशा समजुतीने सांधा केला जातो. सोल्युशन हे फट भरणारे लुकण नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकत्र करते. पृष्ठभाग एकमेकांस टेकलेच नाहीत तर एकजीव होणार तरी काय? म्हणून पाइप आणि जोडसामान एकाच पद्धतीच्या मापाचे घ्यावे आणि दुकानातच पाइपचा तुकडा जोडात घालून पाहावा. तो कोरडा असताना निम्म्या खोलीपर्यंत सहज जाऊन पुढे घट्ट झाला पाहिजे.

सांधे कसे करावेत

ताठ पाइपचा सांधा करताना पुढील क्रम पाळावा. पाइप काटकोनात कापावा. कडेचा बुरा आतून-बाहेरून चाकूने वा कानशीने काढावा. सर्व जोडणी प्रथम कोरडी बसवून पेन्सिलीने खुणा कराव्यात. मग दोन्ही भाग पुसून सोल्युशनचा पातळ व सारखा थर द्यावा, पाइप तळापर्यंत दाबून पाव फेरा फिरवावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा. हात लगेच सोडला तर पाइप किंचित बाहेर सरकतो. पाणी सोडण्यापूर्वी पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा. प्लॅस्टिकचे आटे आवळताना टेफ्लॉन टेप गुंडाळून हाताने आवळावे व नंतर पान्याने थोडेच फिरवावे. अति आवळल्याने बाहेरचा जोड चिरतो आणि ती चीर पुष्कळदा काही दिवसांनी दिसते.

चिकटविलेला सांधा पुन्हा सोडविता येत नाही, हा ताठ पाइपचा मोठा दोष होय. त्यावर उपाय म्हणजे युनियन. पंपाच्या पुढे, गाळणीच्या दोन्ही बाजूंस आणि प्रत्येक टाकीपाशी एक व्हॉल्व्ह व एक युनियन बसवावे. आरंभी खर्च थोडा वाढतो, परंतु पुढे एक पंप बदलण्यासाठी पाइप कापावा लागत नाही.

लवचीक नळीचा सांधा निपल व क्लिप ह्यांनी होतो. नळीचे टोक सरळ कापावे, कोमट पाण्यात बुडवून मऊ करावे आणि निपलच्या सर्व कंगोऱ्यांवर चढवावे. क्लिप शेवटच्या कंगोऱ्याच्या मागे यावी. कमी महत्त्वाच्या जागी एक क्लिप पुरते. दाबाच्या जागी दोन लावून त्यांचे स्क्रू समोरासमोर ठेवावेत. मऊ प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू दबते. त्यामुळे आज घट्ट असलेली क्लिप महिन्याभराने सैल होते. महिन्यातून एकदा, आणि उन्हाळा सुरू होताना अवश्य, क्लिपा पुन्हा आवळाव्यात. क्लिप गंजरोधक पोलादाची असावी. समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांसाठी प्लॅस्टिकची बरी.

काही लवचीक नळ्या अशाही मिळतात की, त्यांचा बाहेरील व्यास ताठ पाइपइतकाच असतो व त्या जोडात सोल्युशनने चिकटविता येतात. त्यांच्या पृष्ठभागावर मऊ करणाऱ्या द्रव्याचा तेलकट थर असतो. तो क्लीनरने किंवा प्रायमरने पुसून मगच सोल्युशन लावावे, ताठ पाइपपेक्षा अधिक वेळ धरावे आणि सांध्याजवळच नळी वळवू नये. वळणाचा ताण सांध्यावर राहिला तर तो कालांतराने उघडतो. साध्या बागेच्या नळीवर हा प्रयोग करू नये.

ऊन, उष्णता आणि उजेड

आपल्याकडील उन्हाळा हा दोन्ही प्रकारांचा शत्रू आहे. लवचीक नळी उन्हात मऊ होऊन घसरते, वळणावर मोडून बंद होते आणि अखेर कडक होऊन चिरते. ताठ पाइपवर छापलेला दाबही २७ अंश सेल्सियस तापमानासाठी धरलेला असतो; तापमान वाढेल तशी त्याची ताकद घटते. टाक्यांच्या कामात दाब अल्प असल्याने ह्याची चिंता नाही. परंतु ताठ पाइप उष्णतेने लांबतो, हे विसरू नये. सहा मीटरचा पाइप २० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोके भिंतीत गच्च बांधली तर हा ताण काचेच्या टाकीच्या जोडावर येतो आणि काच तडकू शकते. म्हणून पाइप क्लॅम्पमध्ये सरकेल असा ठेवावा किंवा लांब वाटेत एक लहान लवचीक तुकडा घालावा.

पारदर्शक नळी आतील मळ दिसावा म्हणून काही जण मुद्दाम घेतात. मात्र उजेड आत गेला की शेवाळ वाढते आणि व्यास अरुंद होतो. उघड्यावरील नळी अपारदर्शक असावी. ताठ पाइपही शक्य तो सावलीतून न्यावा अथवा झाकावा. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेला पाइप ठिसूळ होतो व धक्क्याने फुटतो.

माशांच्या आरोग्याची दृष्टी

शेतीच्या पाण्यास चालते ते सर्व माशांस चालेल असे नाही. शेतातून पाणी एकदा वाहून जाते, तर टाकीत तेच पाणी पुनःपुन्हा फिरते. म्हणून पाइपमधून अल्प प्रमाणात सुटणारे द्रव्यही साचत जाते. ताठ पाइप तापवून घडविताना बिघडू नये म्हणून त्यात स्थिरकारी द्रव्ये घालतात. पूर्वी त्यांत शिशाची संयुगे सर्रास असत. २०२१ मध्ये केंद्र शासनाने पाइप व जोडसामानातील शिशाच्या वापरावर निर्बंध घालणारे नियम केले. तरीही अज्ञात बनावटीचा जुना पाइप टाळावा आणि पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेला, भारतीय मानक ४९८५ ची खूण असलेला पाइप घ्यावा. लवचीक नळीही खाद्य वा पिण्याच्या पाण्यास योग्य अशी घ्यावी. उग्र वास येणारी, हातास चिकटणारी स्वस्त नळी टाकीस लावू नये.

पितळी कॉक व जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी जोड ह्यांतून तांबे व जस्त पाण्यात उतरतात. माशांस ती अल्प प्रमाणातही बाधक ठरू शकतात. कोळंबी व गोगलगाईंस तर तांबे फारच घातक. म्हणून पाण्याच्या वाटेत धातू शक्य तो येऊच देऊ नये.

नवीन जोडणीतून एक दिवस साधे पाणी फिरवून ते टाकून द्यावे. सोल्युशनचा वास जाईपर्यंत हे पुन्हा करावे. नंतर दोन-चार गप्पी सोडून काही दिवस पाहावे आणि मगच किमती मासे सोडावेत.

वीज गेली तर?

पंप थांबताच चढत्या वाटेतील पाणी उलट वाहू लागते. पाण्यात बुडालेले पाइपचे तोंड अशा वेळी वक्रनलिका, म्हणजे सर्वांच्या परिचयाचा सायफन, बनते. पाण्याची पातळी त्या तोंडाच्या खाली जाईपर्यंत टाकीतील पाणी खाली उतरत राहते. १.२ मीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत दर सेंटिमीटरला ५.४ लिटर पाणी असते. पाइपचे तोंड १५ सेंटिमीटर बुडालेले असेल तर ८१ लिटर पाणी खालच्या गाळणीत येईल. तेवढी जागा तेथे नसेल तर ते घरात पसरेल आणि वीज परत आल्यावर पंप अपुऱ्या पाण्यावर चालेल.

उपाय सोपा आहे. पाइपचे तोंड पाण्याच्या पातळीच्या किंचितच खाली ठेवावे, किंवा पाइपला पातळीलगत एक लहान भोक पाडावे. पातळी खाली जाताच भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक शेवाळाने बुजते, म्हणून सफाईच्या वेळी ते काडीने मोकळे करावे. एकमार्गी व्हॉल्व्हवर सर्वस्वी विसंबू नये. त्याच्या झडपेत शेवाळाचा एक धागा अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. येथेही ताठ पाइप श्रेयस्कर, कारण त्याचे तोंड बसविले तेथेच राहते. लवचीक नळीचे टोक हलते, खाली सरकते आणि आपण ठरविलेली पातळी बदलते.

सारांश

वरील विवेचनाचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१. टाकीच्या तळाशी किंवा पाण्याच्या पातळीखाली असलेला प्रत्येक जोड ताठ असावा आणि त्याला लागूनच व्हॉल्व्ह असावा. लवचीक नळी लावावयाची तर ती व्हॉल्व्हच्या पुढे.

२. उतरती वाट ताठ, रुंद आणि सलग उताराची असावी.

३. ओढीची बाजू ताठ किंवा वेटोळे असलेल्या सक्शन नळीची असावी.

४. पंपाच्या तोंडाशी लहान लवचीक तुकडा दोन क्लिपांनी बसवावा. त्यापुढे ताठ पाइप न्यावा.

५. तात्पुरते पाणी बदलणे, गाळ ओढणे, टाकी धुणे ह्या माणूस समोर असताना करावयाच्या कामांसाठी लवचीक नळीच सोयीची आहे.

६. व्यास निवडताना कंजुषी करू नये.

७. क्लिपा, युनियन व सायफनचे भोक ह्यांची तपासणी महिन्यातून एकदा करावी आणि तिची तारीख टाकीजवळ लिहून ठेवावी.

ह्यांतील पाचव्या कलमात सर्व विषयाचा सारांश आलेला आहे. नळी निसटली तर ती पाहणारा माणूस जेथे उभा असतो, तेथे लवचीक नळी वापरण्यास हरकत नाही. जी जोडणी रात्री, पावसात, घरचे सर्व लग्नाला गेले असताना एकटी काम करणार आहे, ती अशी असावी की तिच्याकडे कोणी पाहिले नाही तरी ती टिकेल.

वर उल्लेखिलेल्या शेतकरी बंधूंनी पावसाळ्यानंतर हौद पुन्हा भरले. ह्या वेळी तळाशी ताठ पाइप, त्याला लागून बॉल व्हॉल्व्ह, पुढे युनियन आणि पंपापाशी तेवढा एक लवचीक तुकडा अशी जोडणी करण्यात आली. जादा लागला तो एक व्हॉल्व्ह, एक युनियन, काही एल्बो व अर्ध्या दिवसाचे काम. त्यानंतरचा उन्हाळा येऊन गेला, हौदातील पाणी हौदातच राहिले आणि पिल्ले विक्रीच्या आकाराची झाली. ज्या बंधु-भगिनींना असा व्यवसाय सुरू करावयाचा असेल, त्यांनी योजनांची सद्यःस्थिती व तांत्रिक सल्ला ह्यांसाठी आपल्या जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधावा. आणि मासे आणण्यापूर्वी एक रात्र नुसत्या पाण्यावर आपल्या जोडणीची परीक्षा अवश्य घ्यावी.